रेघेची साक्ष

खंडेनवमीच्या सकाळी आमच्या घरी पाटावर जी हत्यारं मांडली जातात, त्यांत विळी, कात्री, माझी ड्रॉइंगची पेटी आणि भाच्याचा लॅपटॉप यांच्या शेजारी एक सरफेस गेज असतं. पाया तळहातात मावेल एवढा, त्यावर पेन्सिलीच्या जाडीची उभी पोलादी दांडी, आणि दांडीवर चापात धरलेली, दोन्ही टोकांना अणकुचीदार असलेली सुई. सुईचं एक टोक सरळ, दुसरं वाकवलेलं. हळदकुंकू वाहताना बोटाला टोचू नये म्हणून आई त्या टोकावर बुचाचा तुकडा खोचायची. आता तो मी खोचते. पूजेच्या खोलीचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून त्याला बिडाचं एक जुनं ब्रॅकेट टेकवलेलं असतं. तेही माझ्या लहानपणापासून तिथंच आहे.

गेज माझ्या वडिलांचं, आबांचं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये ते मार्किंग मिस्त्री होते. मी पुढे पॉलिटेक्निकमध्ये इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवलं. मी कागदावर रेघा मारल्या, त्यांनी लोखंडावर. पण या दोन रेघांमध्ये किती अंतर आहे हे मला निवृत्तीनंतर कळलं. निमित्त या गेजचं झालं. पायावर बारीक अक्षरांत कोरलं आहे : एल. एस. स्टॅरेट कंपनी, अ‍ॅथॉल, मॅसॅच्युसेट्स. आबांच्या बरोबरीचे लोक साधी, इथंच बनलेली गेजं वापरत. आबांनी मात्र मुंबईच्या चोरबाजारातून हे जुनं अमेरिकन गेज आणलं होतं. आईच्या म्हणण्याप्रमाणे त्यात महिन्याच्या पगारातला निम्मा भाग गेला. का आणलं, असं विचारलं की ते पायावरच्या एका छोट्या स्क्रूला बोट लावत आणि म्हणत, "ह्याच्यासाठी."

त्या स्क्रूचा इतिहास शोधता शोधता मी दोनशे वर्षं मागे गेले.

१

आधी मार्किंग म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आजच्या कारखान्यात ते फारसं दिसत नाही.

ओतशाळेतून आलेलं बिडाचं अंग कधीही सरळ नसतं. साचा थोडा सरकलेला असतो, आतला गाभा एका बाजूला झुकलेला असतो, थंड होताना धातू आकसलेला असतो. ड्रॉइंगमध्ये मात्र सगळं काटकोनात आणि समांतर असतं. ही दोन टोकं जुळवण्याचं काम मार्किंग करणाऱ्याचं. तो अंगाला चुना किंवा खडू फासतो, म्हणजे रेघ उठून दिसावी. आधी मशीनवर घासलेल्या पोलादावर मोरचुदाचं पाणी लावतो, त्यानं तांब्याचा पातळ थर चढतो आणि त्यावर ओढलेली रेघ चकाकते. मग ते अंग सपाट टेबलावर तीन टेकूंवर उचलून तो चारी बाजूंनी पाहतो. कुठं धातू जास्त आहे, कुठं कमी? वरून दोन सूत कापलं तर खाली पुरेल का? भोकाचा मध्य ड्रॉइंगप्रमाणे धरला तर एका बाजूची भिंत पातळ राहील का? (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आमच्याकडे मीटर आले तरी मिस्त्रींच्या तोंडून सूत गेलं नाही.) अंगात जेवढा वाकडेपणा आहे तेवढा कुठंतरी जाणारच. तो कुठं जाऊ द्यायचा हे ठरवून त्यानं पहिली रेघ ओढली की बाकीच्या सगळ्या रेघा तिच्यावरून निघतात.

सुतार हा शब्द सूत्रधारापासून आला असं मानतात. सूत्र धरणारा, म्हणजे दोरी धरून रेघ पाडणारा. लाकूड कापणारा किंवा तासणारा याच्यापेक्षा रेघ पाडणाऱ्यावरून धंद्याला नाव पडावं, यात मला फार अर्थ वाटतो.

रेघ ओढून झाली की मार्किंग करणारा तिच्यावर थोड्या थोड्या अंतरानं डॉट पंचनं बारीक ठिपके उमटवतो. हाताळताना चुना पुसला, तेल लागलं, तरी ठिपके राहतात. पण त्यांचं खरं काम नंतरचं आहे. मशीनवरच्या कारागिरानं रेघेपर्यंत कापायचं, म्हणजे प्रत्येक ठिपक्याचा निम्मा भाग कापला जावा आणि निम्मा अंगावर उरावा. पूर्ण ठिपका उरला तर कमी कापलं. ठिपका गायब झाला तर जास्त कापलं. हे उरलेले अर्धे ठिपके म्हणजे साक्ष. काम बिघडलं तर चूक मशीनवाल्याची की मार्किंगवाल्याची, हे त्यांच्याकडे पाहून ठरतं. अर्धे ठिपके नीट उरले असतील आणि तरीही माप चुकलं असेल, तर मशीनवाला सुटला. रेघच चुकीची होती.

२

अशी रेघ ओढायची तर ती कुठून मोजायची, हा पहिला प्रश्न. सुताराचं मार्किंग गेज फळीच्या कडेला टेकतं. लाकडी दांडीवर सरकणारा ठोकळा फळीच्या कडेला घासत नेला की दांडीच्या टोकाचा खिळा कडेला समांतर ओरखडा काढतो. त्यासाठी आधी फळीची एक कड रंधून सरळ केलेली असावी लागते. ओबडधोबड बिडाला अशी कड नसते. म्हणून धातूकामात कड वस्तूच्या बाहेर ठेवली गेली. वस्तू ज्या टेबलावर ठेवली आहे ते टेबलच कड. गेज त्याच टेबलावर सरकवायचं. सुई टेबलापासून जेवढ्या उंचीवर असेल, तेवढ्याच उंचीवर वस्तूच्या चारही बाजूंना रेघ उमटेल.

सगळी मदार टेबलाच्या सपाटीवर आली. आणि सपाट म्हणजे काय, हे कशावरून ठरवायचं?

लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले (१७७१–१८३१) या कारागिरानं हा प्रश्न मनावर घेतला. बारा वर्षांचा असल्यापासून तो वूलिचच्या शस्त्रागारात काम करत होता. पुढे त्यानं स्क्रू कापणाऱ्या लेथला नेमकेपणा आणला आणि १८०५च्या सुमारास टेबलावर ठेवायचा एक मायक्रोमीटर बनवला. त्याच्या कार्यशाळेत त्याला 'लॉर्ड चॅन्सेलर' म्हणत, कारण मापाच्या भांडणात त्याचा निकाल अखेरचा. त्याच्या हाताखाली शिकलेल्या जेम्स नॅस्मिथनं १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात लिहिलं आहे, की मॉडस्लेनं कामगारांच्या बाकांवर अचूक सपाट पाटे ठेवले होते, म्हणजे हातातलं काम त्यांना लगेच ताडून पाहता यावं.

त्याच कार्यशाळेत काही काळ काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थनं (१८०३–१८८७) पुढे मँचेस्टरला स्वतःचा कारखाना काढला आणि १८४० साली ग्लासगोच्या एका विज्ञानसभेत सपाट पृष्ठं कशी बनवावीत यावर निबंध वाचला. पद्धत अशी. दोन पाटे एकमेकांवर घासले आणि ते तंतोतंत जुळले, तरी ते सपाट असतील असं नाही. एक किंचित फुगीर आणि दुसरा तेवढाच खोलगट असला तरी जुळतात. म्हणून तिसरा पाटा घ्यायचा. पहिला दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी आणि तिसरा पहिल्याशी ताडायचा. एकावर रंग लावून दुसऱ्यावर ठेवला की उंच जागांना रंग लागतो. त्या जागा हातातल्या स्क्रॅपरनं खरवडायच्या. फुगीर पाटा दुसऱ्या फुगीर पाट्याशी जुळू शकत नाही. तिन्ही पाटे एकमेकांशी जुळायचे तर तिघांनाही सपाटच व्हावं लागतं. त्याआधी पाटे कुरुंदाच्या पुडीनं एकमेकांवर घासत. त्यात पूड कुठं जास्त खाईल यावर हुकमत नसायची, म्हणून व्हिटवर्थचा आग्रह खरवडण्यावर होता.

या पद्धतीत एकही आकडा नाही. कुणीतरी बाहेरून दिलेलं माप नाही, आणि तरीही सत्य सापडतं. तीन साक्षीदारांना समोरासमोर उभं केलं की खोटेपणा कुठंतरी उघडा पडतो, एवढंच.

३

टेबल सपाट झालं, तसा दोष गेजकडे सरकला.

सुरुवातीचं गेज, ज्याला इंग्रज कारागीर स्क्राइबिंग ब्लॉक म्हणत, अगदी साधं होतं. जड ठोकळा, त्यात पक्की बसवलेली उभी दांडी, दांडीवर वरखाली सरकणारा चाप, चापात सुई, आणि सगळं कसायला एक नट. उंची लावायची तर नट सैल करायचा, सुई टेबलावर उभ्या धरलेल्या फूटपट्टीच्या खुणेपर्यंत न्यायची, आणि नट कसायचा.

इथंच घात व्हायचा. नट कसताना तो चापाला आपल्याबरोबर थोडा फिरवतो. सुई बरोबर खुणेवर होती; कसून झाली आणि केसभर वर गेली. मग पुन्हा सैल करा, किंचित खाली धरा, पुन्हा कसा. जुने कारागीर म्हणून नट अर्धवट कसत आणि सुईला हलक्या हातोडीनं टिचक्या मारत खुणेवर आणत; मग शेवटचा पीळ देत. शेवटचा पीळ देताना सुई पुन्हा ढळली, हे दरवेळी डोळ्यांना दिसेलच असं नाही.

बदलता येणाऱ्या प्रत्येक हत्याराची ही मूळ अडचण आहे. सुताराचा गुण्या घ्या. त्याचं पातं मुठीत कायमचं ठोकलेलं असतं. तो खाली पडला नाही तर खोटं बोलत नाही, पण तो एकाच मापाचा असतो. पातं सरकणारं केलं तर एकाच गुण्यात दहा गुणे मिळतील. मात्र जे सरकतं ते ढळू शकतं. सरकणं आणि न ढळणं ही दोन्ही एकाच वस्तूकडून हवी असतील, तर कल्पकता सरकण्यात दाखवायची नसते. ती कसण्यात दाखवायची असते.

ही गोष्ट ज्याला नेमकी कळली तो माणूस शेतकऱ्याच्या घरातला होता.

४

लॅरॉय स्टॅरेटचा जन्म १८३६ साली अमेरिकेच्या मेन राज्यात, चायना नावाच्या गावी झाला. त्याचं नाव पहिल्यांदा झालं ते एका स्वयंपाकघरातल्या वस्तूनं : मांस बारीक करण्याच्या यंत्राचं पेटंट त्याला १८६५ मध्ये मिळालं. त्या यंत्राच्या उत्पादनासाठी तो १८६८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅथॉल या गावी आला. १८७९ साली त्यानं कॉम्बिनेशन स्क्वेअरचं पेटंट घेतलं आणि १८८० मध्ये अ‍ॅथॉलमध्येच स्वतःचा कारखाना काढला. आबांच्या गेजवर जे गाव कोरलेलं आहे ते हेच.

कॉम्बिनेशन स्क्वेअर म्हणजे सरकत्या पात्याचा गुण्या. पोलादी पट्टीवर एक डोकं सरकतं. त्याची एक बाजू पट्टीशी काटकोन करते, दुसरी पंचेचाळीस अंशांचा. पट्टी हवी तेवढी बाहेर काढा, तेवढ्या लांबीचा गुण्या तयार. पट्टीचं टोक खाचेत उतरवा, खोली मोजता येते. डोकं वस्तूच्या कडेवर टेकवून पट्टीच्या टोकाशी सुई धरून ओढत न्या, कडेला समांतर रेघ उमटते. म्हणजे सुताराचं मार्किंग गेजही झालं. कारागिराच्या पेटीतली निम्मी हत्यारं एका डोक्यात आली.

पण सरकतं पातं ही कल्पना कुणालाही सुचली असती. स्टॅरेटचं कसब पट्टीच्या मधोमध लांबीभर कापलेल्या एका खाचेत आहे. डोक्यातल्या बोल्टच्या टोकाला आकड्यासारखी जीभ असते आणि ती या खाचेत अडकते. बाहेरचा नट फिरवला की बोल्ट नुसता सरळ मागे ओढला जातो. तो स्वतः फिरत नाही. आकडा पट्टीला धरून डोक्यातल्या घासून सरळ केलेल्या बैठकीवर घट्ट ओढतो. बाजूनं स्क्रू टोचून पट्टी दाबली असती, तर जितकं जास्त कसावं तितकी ती तिरकी होण्याचा धोका वाढला असता. इथं उलट होतं. जितकं कसावं तितकी पट्टी आपल्या बैठकीला चिकटते. ज्या क्रियेनं हत्यार बिघडायचं, तीच क्रिया त्याला सरळ करते.

पुढे स्टॅरेटच्या कारखान्यातून युनिव्हर्सल सरफेस गेज बाहेर पडलं. कंपनीच्या यादीतला त्याचा ५७ हा क्रमांक जुन्या अमेरिकन कारागिरांना पाठ असे. आबांचं गेज त्याच घराण्यातलं. ते हातात घेतलं की त्याच्या बारीकसारीक भागांमागचा विचार एकेक करून उलगडतो.

पायाच्या तळाला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच आहे, तशीच एका टोकालाही. त्यामुळे ते गोल शाफ्टवर न डगमगता बसतं. पायाच्या मागच्या बाजूला दोन बारीक खिळ्या घट्ट बसवलेल्या आहेत. बोटानं दाबल्या की त्या तळाखाली उतरतात. मग त्या टेबलाच्या कडेला टेकवून गेज सरकवलं की रेघ कडेला समांतर राहते; काम झालं की खिळ्या वर ढकलायच्या. उभी दांडी प्रत्यक्षात उभीच राहते असं नाही. ती पुढे-मागे कोणत्याही कोनात झुकवून कसता येते, आणि अडचणीच्या जागी दांडी काढून सुई थेट पायाजवळच पकडता येते.

आणि मग आबांचा स्क्रू. उभी दांडी पायात थेट रोवलेली नाही. पायाच्या वरच्या अंगाला एक आखूड पट्टी आहे, मधल्या खिळीवर सी-सॉसारखी झुलणारी. दांडी या पट्टीला पकडलेली. पट्टीच्या टोकाशी बारीक आट्यांचा एक स्क्रू, आणि त्याच्या विरुद्ध ढकलणारी स्प्रिंग. स्क्रू किंचित फिरवला की पट्टी किंचित झुलते, दांडी केसभर कलते, आणि दांडीपासून लांब असलेलं सुईचं टोक तेवढ्यानंच अगदी सावकाश वर किंवा खाली येतं. स्प्रिंग पट्टीला सतत स्क्रूवर दाबून धरते, त्यामुळे आट्यांतली ढिलाई सुईपर्यंत पोचत नाही.

या रचनेनं कामाचा क्रमच उलटा केला. जुन्या गेजवर आधी माप लावायचं आणि मग कसायचं. कसताना ढळलं तर नशीब. इथं आधी अंदाजानं उंची लावून सगळे नट पक्के कसायचे. सुई ढळायची तेवढी ढळू दे. मग कसलेल्या गेजला स्क्रूनं खुणेवर आणायचं. शेवटची क्रिया आता पीळ देण्याची राहिली नाही. ती जुळवण्याची झाली. त्यानंतर गेजला हात लावायचं कारणच उरत नाही.

आबा तो स्क्रू तर्जनीच्या टोकानं फिरवत आणि डोळे पट्टीपेक्षा बोटाकडे जास्त असत. सुईचं टोक फूटपट्टीच्या कोरलेल्या खुणेत उतरलं की बारीकशी टिक्‌ जाणवते, ती ऐकू येत नाही, असं ते म्हणायचे. मी कितीदा करून पाहिलं. मला अजून खात्रीनं जाणवत नाही.

५

या गेजवर एकही आकडा नाही, हे माझ्या विद्यार्थ्यांना फार चमत्कारिक वाटायचं. मी ते वर्गात नेत असे. मग त्यांना एक प्रयोग दाखवायची.

गोल सळईच्या तोंडाचा मध्य काढायचा आहे. सळईचा व्यास माहीत नाही आणि मोजायचाही नाही. ती व्ही ब्लॉकवर आडवी ठेवायची, गेजची सुई अंदाजानं मध्यावर आणायची आणि तोंडावर एक आडवी रेघ ओढायची. आता सुई न हलवता सळई अर्धा फेरा फिरवायची आणि पुन्हा रेघ ओढायची. सुई नेमकी मध्यावर असेल तर दुसरी रेघ पहिलीवरच पडेल. नसेल तर दोन समांतर रेघा दिसतील, आणि खरा मध्य त्या दोहोंच्या बरोबर मध्ये असेल. सळई पाव फेरा फिरवून तेच पुन्हा करा. मधोमध एक चिमुकला चौकोन तयार होतो. सुईला थोडं सरकवा, चौकोन लहान होतो. स्क्रूचा आणखी एक स्पर्श, आणि चौकोनाचा ठिपका होतो.

हत्यारानं स्वतःची चूक स्वतःच दाखवली, दुप्पट करून दाखवली, आणि ती दुरुस्त करायचा रस्ताही दाखवला. व्हिटवर्थच्या तीन पाट्यांचाच हा धाकटा भाऊ.

आकडे मात्र येतच होते. फ्रान्समध्ये पाल्मेरनं १८४८ साली हातात धरायच्या मायक्रोमीटरचं पेटंट घेतलं. अमेरिकेत प्रॉव्हिडन्सच्या जोसेफ ब्राऊननं १८५१ मध्ये व्हर्नियर कॅलिपर बाजारात आणलं. त्याच्या ब्राऊन अँड शार्प कंपनीनं १८६७च्या पॅरिस प्रदर्शनात पाल्मेरचा मायक्रोमीटर पाहिला आणि पुढच्याच वर्षी स्वतःचा विकायला काढला. विसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडनच्या योहान्सननं गेज ब्लॉक आणले. हे पोलादी ठोकळे एकमेकांना चिकटवून हवं ते माप उभं करता येतं. सरफेस गेजची जागा हळूहळू व्हर्नियर हाइट गेजनं घेतली. त्यात पट्टी, आकडे आणि सुई एकाच अंगात असतात.

पण मार्किंग मिस्त्रीला खरं हटवलं ते जिगनं. अ‍ॅथॉल ज्या मॅसॅच्युसेट्स राज्यात आहे, त्याच राज्यात स्प्रिंगफील्डला बंदुकांचा सरकारी कारखाना होता. एका बंदुकीचा भाग दुसरीला बसावा म्हणून तिथं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच साचे, फिक्श्चर आणि ठरीव गेजं वापरात आली होती. जिग म्हणजे वस्तू पकडणारी अशी पेटी, जिच्यात ड्रिलला वाट दाखवणारी नळी आधीच बसवलेली असते. जिग बनवताना एकदाच नीट मार्किंग करायचं. मग हजार वस्तूंवर रेघ ओढायची गरज नाही. निर्णय एकदा जिगमध्ये गोठला, की रोज निर्णय घेणारा माणूस लागत नाही. सरकतं हत्यार ज्या जगासाठी होतं ते जग म्हणजे दुरुस्तीचं, एकेका वस्तूचं, पाच-दहांच्या खेपेचं : छोटी वर्कशॉपं, रेल्वेचे दुरुस्ती कारखाने, ओतशाळेला खेटून असलेली उद्यमनगरं. कोल्हापुरात ऑईल इंजिनं आणि पंप बनत, ते अशाच खेपांनी. म्हणून तिथं मार्किंग मिस्त्री बराच काळ टिकला.

६

आबांच्या दिवसाला एक वयस्क गृहस्थ आले होते. आबांच्याच वर्कशॉपमध्ये बोरिंग मशीनवर त्यांची उमेदवारी झाली होती. मंडळी पांगल्यावर ते म्हणाले, "ताई, ते गेज अजून हाय काय तुमच्याकडं?" मी आणून दिलं. त्यांनी ते बराच वेळ हातात धरलं. मग त्यांनी जे सांगितलं ते आबांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

पंपाच्या बेअरिंगची सहा ब्रॅकेटं होती. तळ रंधून झालेले, आता तळापासून ठरलेल्या उंचीवर भोक मोठं करायचं होतं. ओतलेल्या पोकळ भोकात लाकडाची पट्टी ठोकून आबांनी तिच्यावर मध्य काढला, तोंडावर वर्तुळ ओढलं, वर्तुळावर ठिपके दिले. उंची एकदाच लावली आणि त्याच गेजवर सहाही केली. या काकांनी ती बोअर केली. जुळणीत शाफ्ट जाईना. मध्य पाव सूत वर निघाला. सहाच्या सहा बाद.

मालकांनी मशीनवरच्या पोरालाच धरलं. उमेदवार, वय अठरा, चूक त्याचीच असणार. दुसऱ्या दिवशी येऊ नकोस असं सांगून झालं होतं. आबा पलीकडच्या शेडमधून आले, एक ब्रॅकेट उचलून उजेडात नेलं आणि भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग दुसरं घेतलं. मग तिसरं. काका म्हणाले, "सगळे ठिपके अर्धे उरले होते, ताई. मला त्या वयात त्याचा अर्थबी ठावं नव्हता. मी गप रडत उभा होतो. मिस्त्री म्हणाले, पोराला काय बोलू नका. त्यानं रेघंवर कापलंय. रेघ माझी हाय."

तो शेवटचा पीळ असणार. नट कसताना सुई वर सरकली आणि त्या दिवशी ते डोळ्यांना दिसलं नाही. सहा ब्रॅकेटांची किंमत आबांच्या पगारातून हप्त्यांनी कापली गेली. त्या सहांशिवाय कुणी काही बोललं नसतं, तर साक्ष तपासायला तिथं दुसरं कुणी जाणारही नव्हतं. ठिपके वाचता येणारा शेडमध्ये एकच माणूस होता, आणि त्यांनी ते वाचले ते स्वतःच्या विरुद्ध. पुढच्या दिवाळीच्या बोनसमध्ये थोडी भर घालून ते मुंबईला गेले आणि हे गेज घेऊन आले.

मी आयुष्यभर ड्रॉइंगच्या कोपऱ्यातला चौकोन शिकवला : कुणी काढलं, कुणी तपासलं, तारीख, सही. मार्किंगच्या रेघेवर सही नसते. काम बरोबर झालं की रेघ भुशाबरोबर निघून जाते आणि ती ओढणाऱ्याचं नाव कुणाला आठवायचं कारण राहत नाही. मॉडस्ले, व्हिटवर्थ, स्टॅरेट यांची नावं त्यांच्या हत्यारांवर आणि पुस्तकांत राहिली. त्या हत्यारांनी ओढलेल्या रेघा उरल्या त्या फक्त चुकलेल्या कामांवर.

काका गेल्यावर मी पूजेच्या खोलीत गेले. दाराला टेकवलेलं बिडाचं ब्रॅकेट उचललं. चांगलंच जड होतं. आईनं त्याला दरवर्षी गेरू फासलेला. खाली बसून मी भोकाच्या कडेवर काचपेपर घासला. गेरू निघाला, त्याखालचा गंज निघाला, आणि मग एकेक करून वर्तुळभर दिसू लागले : सारख्या अंतरावर, निम्मे कापलेले, निम्मे उरलेले ठिपके.

ते ब्रॅकेट मी पुन्हा दारालाच लावलं. या खंडेनवमीला मात्र ते आधी पाटावर ठेवलं, गेजच्या शेजारी.